शाल, श्रीफळ आणि औषधाची चिठ्ठी

गेल्या उत्सवात आमच्या कुलदेवतेच्या सभामंडपात पंच्याहत्तरी ओलांडलेल्या अकरा महाजनांचा सत्कार झाला. प्रत्येकास शाल, श्रीफळ व देवीची तसबीर देण्यात आली. सनई वाजली, छायाचित्रे निघाली आणि अध्यक्षस्थानी असलेल्या गृहस्थांनी पाऊण तास भाषण केले. भाषणाचा सारांश असा की, पाश्चात्त्यांना म्हातारपणासाठी विमा, निवृत्तिवेतन आणि वृद्धाश्रम लागतात. आमच्या धर्मात आईबाप हेच दैवत असल्यामुळे आम्हांस त्यांपैकी कशाचीच गरज नाही. आमचा मुलगा हाच आमचा विमा! टाळ्या पुष्कळ पडल्या. मीही वाजविल्या असाव्यात. महाप्रसादाची वेळ झाली होती.

तिसऱ्या दिवशी त्या अकरांपैकी एक गृहस्थ माझ्या फोंड्याच्या कचेरीत आले. हातात कापडी पिशवी होती. तीतून त्यांनी आधी औषधाची चिठ्ठी काढली, मग एक दस्तऐवज काढला आणि दोन्ही मेजावर ठेवून म्हणाले, "वकीलबाब, हांवें सगळें पुताच्या नांवार केलां. आतां वखदांक पयशे मागूंक लज दिसता."

तो दस्तऐवज म्हणजे दानपत्र होते आणि ते मीच लिहिलेले होते. सहा वर्षांपूर्वी राहते घर व मागची बागायत त्यांनी एकुलत्या एक मुलाला दिली, तेव्हा मसुदा वाचून दाखविताना मी म्हटले होते की, उभयतांचा हयातीपर्यंत राहण्याचा व उत्पन्नाचा हक्क राखून ठेवू आणि सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत घालू. त्यावर त्यांनी हात झटकला होता. मुलावर अविश्वास दाखविल्यासारखे होईल, सून काय म्हणेल, वगैरे. मी दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा सांगितले नाही. पक्षकाराची इच्छा म्हणून ते वाक्य मसुद्यातून काढून टाकले. त्यांच्या पत्नीने तर सही करण्यापूर्वी चष्माही मागितला नाही. आमच्याकडे पतिपत्नींची मालमत्ता समाईक असल्याने तिची सही लागते, एवढ्यापुरताच तिच्या निम्म्या हिश्शाचा त्या दिवशी कोणी विचार केला.

हे सांगण्याचे कारण असे की, पुढे मी जे कठोर लिहिणार आहे ते दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही.

मुलगा हाच विमा, ह्या वाक्यात प्रेम आहे असे आम्ही समजतो. माझ्या मते त्यात आळस आहे आणि थोडीशी आत्मप्रौढीही आहे. एकत्र कुटुंबात म्हाताऱ्यांची सेवा होत असे, हे खरे. परंतु ती कशाच्या आधारावर होत असे? घरातल्या वडीलधाऱ्याच्या कमरेला किल्ली असे. भाताचे कोठार, नारळाचा पाडा, कुळांकडून येणारा खंड ह्यांचा हिशेब त्याच्या हातात असे आणि तो डोळे मिटेपर्यंत त्याच्याच हातात राही. सेवा श्रद्धेने होई. पण त्या श्रद्धेच्या खाली जमिनीचा पाया होता. गोव्यात १९६४ चा कुळकायदा आला, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्यास जमीन मिळाली. न्याय झाला, ह्यात मला शंका नाही. भाटकारांच्या घरांतला पाया मात्र त्या दिवशी निघाला आणि वरचे कौलारू तसेच राहिले. आम्ही कौलांकडे पाहून अजूनही म्हणतो की घर भक्कम आहे.

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आमच्या कुळाव्यांची कथा निराळी असली तरी शेवट तोच आहे. तिथे जमीन नव्हती, नोकरी होती. सरकारी, संस्थानी, गिरणीतली किंवा शाळेतली. सरकारी नोकरांना निवृत्तिवेतन मिळाले. खासगी पेढीवर किंवा कारखान्यात ज्यांनी आयुष्य काढले त्यांना भविष्यनिर्वाह निधीसोबतच्या १९९५ च्या योजनेतून निवृत्तिवेतन मिळते. त्याची किमान रक्कम २०१४ साली दरमहा १००० रुपये ठरली, आणि दहा वर्षे उलटल्यावरही तोच आकडा होता. दारिद्र्यरेषेखालील साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धासाठी केंद्र सरकारचा वाटा दरमहा २०० रुपये, ऐंशीनंतर ५०० रुपये, हा गेल्या दीड दशकाहून अधिक काळचा दर. गोव्यात २००१ साली दयानंद सामाजिक सुरक्षा योजना निघाली म्हणून येथील गरीब वृद्धाची स्थिती थोडी बरी. तिची रक्कमही अनेक वर्षे दरमहा २००० रुपये होती. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार असे तिन्ही पाहुणे ज्याच्या घरी मुक्कामाला आहेत, त्याने ह्या रकमेतून औषधे घ्यावीत की तांदूळ आणावेत?

तर अशा स्थितीत मनुष्याजवळ शेवटी राहते ते घर. आणि आम्ही पहिल्या प्रथम तेच देऊन टाकतो.

ह्या विषयावर थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. सुज्ञ वाचकांपैकी पुष्कळांना वाटते की, म्हाताऱ्या आईबापांच्या बाजूने आता सरकारने कायदा केला आहे, तेव्हा दानपत्र हवे तेव्हा फिरविता येईल. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा चांगला आहे. त्याच्या तेविसाव्या कलमात असे आहे की, मूलभूत सोयी व गरजा भागविण्याच्या अटीवर ज्येष्ठ नागरिकाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने त्या भागविल्या नाहीत, तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असे समजून न्यायाधिकरण तो रद्द ठरवू शकते. वाक्य नीट वाचावे. 'अटीवर' हा शब्द त्यात आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ती अट होती हे दाखविले पाहिजे. नुसते नाते पुरत नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका मातेच्या प्रकरणात ह्या कायद्याचा उदार अर्थ लावला, दानपत्र रद्द केले आणि घराचा ताबाही तिला परत देवविला. पण तिच्यापाशी काय होते? दानपत्रासोबत मुलाने लिहून दिलेले सांभाळाचे वचनपत्र होते. कागदाचा तो एक तुकडा होता म्हणून न्यायालयाला उदार होता आले. माझ्या मेजावरच्या दानपत्रात 'प्रेम व आपुलकीपोटी' एवढेच शब्द होते. ते शब्द फार सुंदर आहेत. ते मीच घातले होते.

आणि गंमत अशी की, ज्या जुन्या कायद्याला आम्ही परकीयांचा म्हणून नाके मुरडतो, त्याला हे शहाणपण आमच्या आधी होते. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. तिच्यात असा नियम होता की, दात्याने उपभोगाचा हक्क न राखता सर्वस्व दान केले, किंवा दानानंतर त्याच्याजवळ निर्वाहाचे साधनच उरले नाही, तर ते दान रद्दबातल. लिस्बनच्या कायदेपंडितांना सत्तर वर्षांच्या बापाचे भोळेपण कळत होते. आम्हांला कळत नाही, कारण आम्ही त्या भोळेपणाला त्याग म्हणतो.

माझ्या व्यवसायबंधूंपैकी काही म्हणतील की, आईबापांना दानपत्र करूच देऊ नये, मृत्युपत्र करावे. गोव्यात मुले असताना अर्ध्याहून अधिक मालमत्तेविषयी मृत्युपत्र करता येत नाही, मुलांचा राखीव हिस्सा असतो. त्यामुळे मुलाच्या हक्काला कोठे धोका आहे असेही नाही. मग घाई कसली? घाई बहुधा बँकेच्या कर्जाची असते, कधी सुनेच्या माहेरच्यांची, कधी परदेशी निघालेल्या मुलाला 'एकदाचे सगळे मार्गी लावून' जायचे असते त्याची असते. ह्यांतले कोणतेही कारण वाईट नाही. परंतु म्हाताऱ्याने आपल्या उशाखालची किल्ली काढून देण्यास ते पुरेसे नाही. दानच करायचे असेल तर हयातीपर्यंतचा उपभोग राखावा, पत्नीचा हक्क तिच्या नावाने स्वतंत्रपणे लिहावा, आणि जेवण, औषधोपचार, राहण्याची खोली हे शब्द दस्तऐवजात उघडपणे यावेत. मुलगा भला असेल तर त्या ओळींनी त्याचे काहीही बिघडत नाही.

माझ्याकडे आलेल्या गृहस्थांचा मुलगा दुष्ट आहे काय? मी त्याला ओळखतो. तो दुष्ट नाही. घरावर त्याने कर्ज काढले, एक धंदा केला, तो बुडाला. हप्ते आहेत, दोन मुलांच्या शाळेचे शुल्क आहे. बाप खोकतो तेव्हा त्याला ऐकू येते, पण खिशात हात घातला की हात रिकामा येतो. मग तो बाहेर जाऊन उशिरा परततो. आईबापांची उपेक्षा अशीच होते, वाचकहो; नाटकातल्या खलनायकासारखी नव्हे. म्हणूनच तिच्यावर सद्गुणांची प्रवचने लागू पडत नाहीत.

न्यायाधिकरणात जावे म्हटले तर तेही सोपे नाही. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी तिथे बसतो, नव्वद दिवसांत निर्वाहाचा निकाल द्यावा अशी कायद्याची अपेक्षा आहे, आणि सतराव्या कलमाने वकिलांना दारातच अडविले आहे. आमच्या धंद्याची ही नामुष्की असली तरी कलमाचा हेतू मला मान्य आहे. पण निर्वाहाची कमाल मर्यादा कायद्यात दरमहा १०००० रुपये घातली ती २००७ साली. ती काढून टाकण्याचे विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. शिवाय देवीच्या पालखीला खांदा देणारा बाप आपल्याच मुलावर अर्ज करण्यासाठी सरकारी कचेरीच्या बाकावर बसेल, ही कल्पनाच आमच्या समाजात कोणाला सहन होत नाही. तो घरी राहून गोळी अर्धी करून घेईल. अर्धी गोळी! डॉक्टरांना विचारा, सत्कारमूर्तींपैकी कितीजण हे करतात ते कळेल.

आता रोख पैशाविषयी. तो ज्यांच्यापाशी आहे त्यांनी तो कोठे ठेवावा हे सांगणे वकिलाचे काम नव्हे. तरी कोठे ठेवू नये हे आमच्या फायलींतून शिकायला मिळते. जातीची, गावाची, ओळखीची पतपेढी म्हणून जन्माची पुंजी एकाच ठिकाणी ठेवण्याची आमची रीत आहे. २०२० साली म्हापशाच्या आणि २०२१ साली मडगावच्या नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. ठेवविम्याने एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, तेही फेब्रुवारी २०२० पासून. तत्पूर्वी कित्येक वर्षे ते अवघे १ लाख होते. ज्यांची ठेव त्या मर्यादेच्या आत होती त्यांना विमा लागू होता. पण परवाना जाण्याच्या आधी काढत्या रकमेवर जे निर्बंध येतात, त्या काळात शस्त्रक्रियेची तारीख निर्बंधांची वाट पाहत नाही. पतपेढ्यांना तर, त्या बँका नसल्यामुळे, तो ठेवविमाही नाही. अध्यक्ष आपल्याच गोत्राचे आहेत, हे तारण होऊ शकत नाही.

ह्याउलट टपाल कचेरीत आणि बँकांत २००४ पासून ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. साठी पूर्ण झालेल्यास पाच वर्षांसाठी पैसे ठेवता येतात. २०२३ साली मर्यादा १५ लाखांवरून ३० लाखांवर गेली आणि त्या वर्षीच्या एप्रिलपासून कित्येक तिमाह्या व्याजाचा दर ८.२ टक्के राहिला. दहा लाखांवर तिमाहीस २०५०० रुपये होतात. ही काही श्रीमंती नव्हे. पण हा पैसा म्हाताऱ्याच्या स्वतःच्या नावाने, ठरलेल्या तारखेस येतो, आणि त्यासाठी कोणाकडे तोंड वेंगाडावे लागत नाही. माझ्या अनुभवाने सांगतो, म्हातारपणी व्याजाच्या दरापेक्षा तारखेचे महत्त्व जास्त.

येथे एक गोष्ट बायकांविषयी. पुरुष आधी जातो, बाई मागे राहते. बहुतेक घरांत हेच दिसते. ठेव त्याच्या एकट्याच्या नावाने, नामनिर्देशन मुलाचे, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे कोठे आहेत हे तिला ठाऊक नाही. बँकेत पहिल्यांदा ती जाते ती नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन. आमच्या पुष्कळ देवस्थानांत महाजन पुरुषच, तेव्हा सभेत तिला मत नाही; सत्काराच्या यादीतही ती नाही. अकरा शालींपैकी एकही शाल बाईच्या खांद्यावर पडली नाही, हे माझ्याही ध्यानात आले ते घरी गेल्यावर, पत्नीने विचारल्यामुळे.

औषधोपचाराची व्यवस्था मात्र पूर्वीपेक्षा सुधारली आहे, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. गोव्यात वैद्यकीय शिक्षण १८४२ पासून आहे आणि बांबोळीच्या गोमेकॉच्या दारात श्रीमंत-गरीब एका रांगेत उभे राहतात. २०१६ पासून दीन दयाल स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबास वर्षाला अडीच लाखांपर्यंत व त्याहून मोठ्या कुटुंबास चार लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने आयुष्मान योजना सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्न न पाहता, खुली केली. कुटुंबास वर्षाला ५ लाखांपर्यंत. खासगी विमा घेऊ पाहणाऱ्यास एप्रिल २०२४ पासून पासष्टीची अडचण राहिली नाही, आधीच्या आजारासाठी थांबण्याची कमाल मुदत अठ्ठेचाळीस महिन्यांवरून छत्तीसवर आली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा वस्तू व सेवा कर उठला.

एवढे सगळे असता तक्रार कशाची? एक तर ही की, आमच्या मंडळींना हे ठाऊकच नसते. भाषण ठोकणाऱ्या गृहस्थांना पाऊण तासात एवढी एक गोष्ट सांगता आली असती की, सत्तरीच्या वरच्यांनी आधारपत्र घेऊन आयुष्मानचे कार्ड काढा. त्यांना ती क्षुद्र वाटली असावी. दुसरी अडचण अधिक खोल आहे. ह्या सर्व योजना मनुष्य रुग्णालयात दाखल झाला तर धावून येतात. म्हातारपण बहुतांशी रुग्णालयाबाहेर काढावे लागते. रोजची गोळी, महिन्याची रक्ततपासणी, पडल्यावर लागणारी चाकाची खुर्ची, रात्री उठविणारी बाई, बांबोळीला जाण्यायेण्याची टॅक्सी, सोबतीला सुटी घेणारा कोणी. ह्यांतल्या कशासाठी कार्ड चालत नाही. विमा घेतलेल्या पुष्कळांची ही निराशा होते, आणि मग ते म्हणतात की विमा हीच फसवणूक. फसवणूक नव्हे, ते छत्री घेऊन विहिरीवर पाणी आणायला गेले, एवढेच.

ही जी रोजची, किरकोळ, कंटाळवाणी गरज आहे, ती सरकार पुरविणार नाही, विमा कंपनी पुरविणार नाही, आणि एकटा मुलगा पुरवू शकत नाही. ती पुरविण्याजोगी एक संस्था आमच्यापाशी शतकानुशतके उभी आहे. तिला देवस्थान म्हणतात.

फोंडे महालातील कोणत्याही मोठ्या देवळात जा. अग्रशाळा बांधल्या गेल्या त्या दूरच्या कुळाव्यांना उतरायला. त्यांतल्या कित्येक खोल्या उत्सव आणि लग्नसराई सोडली तर कुलूपबंद असतात. त्यांतली एक खोली आठवड्यातून दोन दिवस उघडून तिथे एक परिचारिका रक्तदाब व साखर तपासील, एखादा निवृत्त डॉक्टर, ते आमच्या समाजात कमी नाहीत, तास-दोन तास बसेल. आवारालगतच्या गाळ्यात जनऔषधी केंद्र येईल. महिन्यातून एकदा देवस्थानची गाडी वृद्धांना बांबोळीला नेऊन आणील. ह्यात धर्मबाह्य काय आहे? ह्याला म्हणे नियमावली आडवी येते. माझानियांची नियमावली १९३३ ची आहे, मी ती वाचलेली आहे, आणि सभेत उठसूट तिचे नाव घेणाऱ्या मंडळींपैकी किती जणांनी ती वाचली आहे हा प्रश्न मी सभ्यपणे बाजूला ठेवतो. अंदाजपत्रकात ही बाब धरा, प्रशासक म्हणजे मामलेदार ह्यांच्यापुढे ठेवा. त्यांनी नाकारली तर लेखी कारण मागा. गर्भगृहाच्या दाराला चांदी चढविताना आम्ही ह्याच वाटेने गेलो होतो. तेव्हा नियमावली आड आली नाही.

चांदीवर माझा राग नाही. देवाचे वैभव दिसावे असे मलाही वाटते. पण त्याच दाराशी पहाटे चार वाजता समया घासणाऱ्या माणसाचे पुढे काय होते, हे विचारण्याचा हक्क महाजन म्हणून मला आहे. पुजारी, वाजंत्री, झाडलोट करणारे, पालखीचे भोई, दिवटी धरणारे: ह्यांनी चाळीस-चाळीस वर्षे सेवा केली आणि हात थरथरू लागले की घरी गेले. त्यांना शाल मिळते. कधी तीही मिळत नाही, कारण ते महाजन नव्हेत. २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे. अठरा ते चाळीस वयाच्या माणसाला तीत दाखल होता येते. तिसाव्या वर्षी दाखल होणाऱ्याने दरमहा ५७७ रुपये भरले तर साठीनंतर त्याला दरमहा ५००० रुपये निवृत्तिवेतन आहे आणि त्याच्यामागे त्याच्या पत्नीलाही. असे दहा सेवेकरी धरले तर देवस्थानावर वर्षाला ६९२४० रुपयांचा भार पडेल. आमच्या देवस्थानात जत्रेच्या रोषणाईला ह्याहून अधिक पैसे गेले. हिशेब सभेपुढे आला होता, मंजूर झाला होता, मीही हात वर केला होता. चाळिशीपुढच्या सेवेकऱ्यांना ती योजना लागू नाही. त्यांच्यासाठी देवस्थानाने स्वतःच निधी ठेवला पाहिजे. तो कमी पडेल, पण शालीपेक्षा जास्त टिकेल.

एक आक्षेप मला अपेक्षित आहे आणि तो आदराने ऐकण्याजोगा आहे. देवळाने हे सर्व करू लागल्यास मुलांची जबाबदारी सुटेल, धर्म शिथिल होईल, असे वृद्धांपैकीच काहीजण म्हणतात. आमच्या शास्त्रकारांनी म्हाताऱ्या आईबापांचा सांभाळ हे पुत्राचे ऋण मानले. मालमत्ता मिळो वा न मिळो, ते फेडायचे. गोव्याबाहेरील हिंदूंसाठी १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याने तेच म्हटले आणि मुलीवरही ते ऋण ठेवले. ते ऋण माफ करा असे मी कोठेही म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढेच की, ऋणको दिवाळखोर असेल, दुबईत असेल, आजारी असेल, किंवा नसेलच, तेव्हा धनकोने उपाशी राहावे असे शास्त्राने सांगितलेले नाही. आणि ज्या मुलाला आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळेल, औषधांचा खर्च थोडा हलका होईल, तो उरलेले सहा दिवस बापाजवळ अधिक बरा बसेल. सांभाळणारी माणसे थकतात. सुना सर्वांत आधी थकतात, आणि त्यांच्या थकव्याची दखल कोणत्याही भाषणात कधी घेतली जात नाही.

वृद्धाश्रमाविषयीचा तिरस्कारही आता जरा आवरावा. ज्यांना मूल नाही, ज्यांची मुले परत येणार नाहीत, त्यांच्यापुढे जाऊन 'आमच्यात वृद्धाश्रम लागत नाहीत' म्हणणे हा निव्वळ उद्धटपणा आहे.

त्या गृहस्थांसाठी मी काय केले, असे कोणी विचारील. मुलाला कचेरीत बोलाविले. तो आला, बराच वेळ गप्प बसला, मग त्याने उपभोगाचा हक्क आईबापांना परत लिहून देण्याची तयारी दाखविली. पण घर बँकेकडे गहाण आहे, बँकेची संमती लागते, तिचे पत्र अद्याप आलेले नाही. दोघांचीही आयुष्मानची कार्डे निघाली. औषधांची चिठ्ठी मी ठेवून घेतली होती. ती त्या दिवशी मी भरली, पुढच्या महिन्याची कोण भरणार हे ठरलेले नाही. मसुद्यातून ते वाक्य काढण्याबद्दल मी त्यांची क्षमा मागितली, तेव्हा ते म्हणाले, तुम्ही काय करणार, मीच सांगितले होते.

देवस्थानच्या येत्या वार्षिक सभेसाठी मी दोन ठराव लेखी दिले आहेत: एक अग्रशाळेतील खोलीविषयी, दुसरा सेवेकऱ्यांच्या निवृत्तिवेतनाविषयी. कार्यवाहांनी ते कार्यक्रमपत्रिकेत नवव्या क्रमांकावर, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' ह्या मथळ्याखाली घातले आहेत. आठवा विषय सभामंडपाच्या नव्या झुंबराचा आहे. पहिल्या ठरावास अनुमोदक मिळाला. दुसऱ्याखालची जागा अजून कोरी आहे.